नसलेले नॅव्हारन, असलेले मुरगाव

नॅव्हारन नावाचे बेट ग्रीसच्या नकाशावर कुठेही सापडत नाही. समुद्रातून सरळ वर चढलेला तो कडा, कड्याच्या पोटातली गुहा आणि गुहेतून खाडीवर रोखलेल्या दोन अजस्र जर्मन तोफा, हे सारे ॲलिस्टर मॅक्लीनने १९५७ साली कादंबरीसाठी रचले. रचले, पण हवेतून नाही. महायुद्धात तो ब्रिटिश नौदलात होता आणि ‘रॉयलिस्ट’ या क्रूझरवर असताना त्याने एजियन समुद्र पाहिला होता. १९४३ च्या नोव्हेंबरात त्याच समुद्रातले लेरोस बेट ब्रिटिशांच्या हातून जर्मनांकडे गेले होते. त्या पराभवाची सल घेऊन मॅक्लीनने विजयाची गोष्ट लिहिली. अशोक पाध्ये यांच्या अनुवादांमुळे मॅक्लीन मराठी वाचनालयांच्या कपाटांतही मुक्कामाला आला.

‘द गन्स ऑफ नॅव्हारन’ हा चित्रपट १९६१ साली आला. दिग्दर्शक जे. ली थॉम्पसन, पटकथा आणि निर्मिती कार्ल फोरमनची. ग्रेगरी पेक, डेव्हिड निव्हन, अँथनी क्विन अशी नटमंडळी. सात ऑस्कर नामांकने मिळाली आणि विशेष दृश्यपरिणामांचे पारितोषिक पदरात पडले. साठ वर्षे उलटली तरी तो पाहताना कंटाळा येत नाही, याचे कारण तोफा नव्हेत. अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेत फोरमनचे नाव काळ्या यादीत गेले होते आणि त्याला इंग्लंडला जाऊन राहावे लागले होते. हुकूम देणाऱ्याने जबाबदारी कुठवर घ्यायची आणि हुकूम पाळणाऱ्याने हात कुठवर झटकायचे, हा प्रश्न त्याला पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. म्हणून पेकचा मॅलरी आणि निव्हनचा मिलर एका खोलीत समोरासमोर येतात, आपल्यातल्या फितुराला गोळी कोणी घालायची यावर भांडतात, तेव्हा चित्रपट साहसपटाच्या वर जातो. हा सारा प्रसंग चित्रपटाचा स्वतःचा आहे. कादंबरीतला फितूर पानायिस हा पुरुष. फोरमनने त्याच्या जागी ॲना नावाची तरुणी आणली. लूकी या कादंबरीतल्या ग्रीक साथीदाराची जागाही मारिया या बाईने घेतली.

हा बदल ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण अठरा वर्षांनी पेक आणि निव्हन पुन्हा एकत्र आले ते गोव्यात, आणि तिथेही एक हेर बाई त्यांच्या गोष्टीत घातली गेली. या वेळचे बंदर मात्र कल्पनेतले नव्हते.

जुवारी नदीच्या मुखाशी असलेले मुरगाव बंदर १८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारातून उभे राहिले. बंदर, आणि बंदरापासून दूधसागरचा घाट चढून ब्रिटिश हद्दीतल्या कॅसलरॉकपर्यंत लोहमार्ग, अशी ती योजना. १८८० च्या दशकाअखेर गाड्या सुरू झाल्या. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले तेव्हा अरबी समुद्रातल्या जर्मन व्यापारी जहाजांना ब्रिटिशांच्या हाती न पडता आसरा घ्यायला तटस्थ पोर्तुगालचे हे बंदर सोयीचे होते. ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची तीन जहाजे आत शिरली: एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स. १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर आन्फोरा हे इटालियन जहाजही त्यांच्या शेजारी अडकले. बाहेर पडले की ब्रिटिश आरमार, आत राहिले तर पोर्तुगीज पाहुणचार. साडेतीन वर्षे ती तिथेच नांगरून राहिली.

ब्रिटिश गुप्त कारवायांच्या भारतातल्या शाखेला संशय होता की एहरेनफेल्सवर बिनतारी प्रक्षेपक लपवलेला आहे आणि मित्रराष्ट्रांच्या जहाजांच्या हालचाली त्यावरून जर्मन पाणबुड्यांना कळवल्या जातात. उघड हल्ला करणे शक्य नव्हते. पोर्तुगाल तटस्थ होता, आणि अटलांटिकमधल्या पोर्तुगीज अझोर्स बेटांवर तळ मिळावा यासाठी लंडनला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची मर्जी राखायची होती. सैन्यातली माणसे पाठवली आणि एखादा पकडला गेला तर बोभाटा झाला असता. कर्नल लुईस प्यू याने मग कलकत्त्यात माणसे शोधली. कलकत्ता लाइट हॉर्स ही गोऱ्या नोकरदारांची हौशी घोडदळ पलटण होती. चहाच्या, तागाच्या कंपन्यांत दिवसभर काम करायचे, संध्याकाळी क्लबात बसायचे, अधूनमधून कवायत करायची, असा तिचा नेम. तिच्यातले चौदा आणि कलकत्ता स्कॉटिश या दुसऱ्या पलटणीतले चार असे अठरा जण निघाले. बरेचसे मध्यमवयीन, बिल ग्राइस त्यांचा म्होरक्या. गाळ वाहून नेणारा ‘फीबी’ नावाचा संथ बार्ज कलकत्त्याहून श्रीलंकेला वळसा घालून कोचीनला आला. माणसे रेल्वेने तिथे पोचली, बार्जवर चढली आणि किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला निघाली. ९ मार्च १९४३ च्या मध्यरात्रीनंतर फीबी एहरेनफेल्सला जाऊन भिडला.

पुढचा प्रकार थोड्याच वेळात आटोपला. कप्तान रोफर आणि त्याचे काही खलाशी मारले गेले. अशा वेळेसाठी जर्मनांनी तयारी ठेवलीच होती. त्यांनी तळाच्या झडपा उघडल्या, आग लावली, आणि ज्या जहाजाला ओढून न्यायचे ते जहाजच बुडाले. ते पेटलेले पाहून इतर तीन जहाजांवरच्या खलाशांनीही आपापली जहाजे जाळून बुडवली. अठरापैकी एकही जण दगावला नाही. फीबी निघून गेला. कुणाला पदक मिळाले नाही आणि पस्तीस वर्षे अधिकृतपणे कुणी तोंडही उघडले नाही.

तोंड उघडले जेम्स लीझरने, १९७८ मधल्या ‘बोर्डिंग पार्टी’ या पुस्तकात. लीझर महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता, पण वाचकांना तो ठाऊक होता थरारकथांचा लेखक म्हणून. डॉक्टर जेसन लव्ह हा त्याचा हेर-नायक, आणि त्याच्या पहिल्या कादंबरीवरच्या १९६६ च्या चित्रपटात त्या नायकाचे काम केले होते डेव्हिड निव्हननेच. ‘बोर्डिंग पार्टी’ला लॉर्ड माउंटबॅटन यांची प्रस्तावना होती. घटना खरी, माणसे खरी, पण सांगण्याची रीत थरारकादंबरीची. कुणाच्या मनात काय आले, बारमध्ये कोण कुणाला काय म्हणाले, हेही लीझर समोर बसून ऐकल्यासारखे लिहितो. पुस्तक हातातून सुटत नाही हे खरे. पुराव्याची रेघ कुठे संपली आणि कथाकाराची कुठे सुरू झाली, हे मात्र वाचकाला कळत नाही.

निर्माता युअन लॉइड, दिग्दर्शक अँड्र्यू मॅक्लॅग्लन आणि पटकथाकार रेजिनाल्ड रोझ हे त्रिकूट तेव्हा ‘द वाइल्ड गीज’च्या यशावर होते. त्यांनी पुस्तक उचलले आणि १९७९ मध्ये सगळा ताफा गोव्यात उतरला. त्याच वर्षी २७ ऑगस्टला आयर्लंडमधल्या बॉम्बस्फोटात माउंटबॅटन मारले गेले; चित्रपट त्यांच्या स्मृतीला अर्पण झाला. ‘द सी वुल्व्ज’ १९८० साली पडद्यावर आला. पेक झाला प्यू, रॉजर मूर त्याचा सहकारी गॅव्हिन स्ट्युअर्ट, निव्हन बिल ग्राइस, आणि ट्रेव्हर हॉवर्ड गोव्यातली पूर्वतयारी पाहणारा कार्टराइट.

या चित्रपटाबद्दलचे पहिले मत बहुतेकांचे एकच असते: नट म्हातारे आहेत. ते खरे आहे. खरा प्यू १९४३ मध्ये पस्तिशीचा होता, आणि त्याचे काम करणारा पेक त्रेसष्ट वर्षांचा. निव्हन सत्तरीला टेकला होता. पण ही तक्रार वरवरची आहे. पलटणच जुनी आणि सुटलेल्या पोटांची होती, हाच या गोष्टीचा गाभा. त्यामुळे निव्हनच्या थकलेल्या चेहऱ्याने चित्रपटाचे काही बिघडत नाही, उलट त्याला वजन येते. शिवाय निव्हन हा खरे युद्ध पाहिलेला माणूस होता. १९३९ साली हॉलिवूड सोडून तो ब्रिटिश सैन्यात परत गेला होता आणि नॉर्मंडीतही उतरला होता. हल्ल्यापूर्वीच्या शांत प्रसंगांत त्याच्या बोलण्यात जो साधेपणा आहे तो अभिनयाच्या पलीकडचा वाटतो. शेवटची वीस-पंचवीस मिनिटेही चांगली आहेत. वय झालेली माणसे दोरीच्या शिडीवरून जहाजावर चढतात तेव्हा आपणही श्वास रोखतो.

चित्रपट घसरतो तो मधल्या भागात. तिथे रॉजर मूरला जेम्स बाँडपासून वेगळे कसे ठेवायचे हे कुणाला सुचलेले दिसत नाही, म्हणून मिसेस क्रॉमवेल नावाची सुंदर जर्मन हेर आणली गेली. लीझरच्या हकिकतीत अशी बाई नाही. नॅव्हारनमधली ॲनाही कादंबरीबाहेरून आली होती, पण ॲनामुळे बाकीच्यांना एक निर्णय घ्यावा लागतो आणि त्या निर्णयाने ती माणसे उघडी पडतात. मिसेस क्रॉमवेलच्या येण्याने आणि मरण्याने कुणाच्याही मनात काही हलत नाही. एकाच युक्तीचा एकदा विचारपूर्वक आणि एकदा सवयीने केलेला हा वापर आहे, आणि दोन चित्रपटांतले खरे अंतर इथे मोजता येते.

याहून मोठा आक्षेप इतिहासाचा आहे. नॅव्हारन आपण कल्पित आहोत हे लपवत नाही. ‘द सी वुल्व्ज’ मात्र सत्यकथेचा शिक्का मारून येतो. या एका रात्रीनंतर हिंदी महासागरात जहाजे बुडण्याचे प्रमाण एकदम घटले, असा पुस्तकाचा आणि चित्रपटाचा दावा आहे. पण मार्च १९४३ च्या सुरुवातीला या महासागरात वावरणाऱ्या जर्मन पाणबुड्या ‘झेहुंड’ गटाच्या होत्या आणि त्यांचे शिकारक्षेत्र होते दक्षिण आफ्रिकेचा किनारा. त्या महिन्याच्या ३-४ तारखेला यू-१६० ने ज्या ताफ्यातली जहाजे बुडवली तो डर्बनहून निघालेला होता, गोव्यापासून सुमारे ७,००० किलोमीटरवर. इंधन आणि पाणतीर संपत आल्यावर हा गट परतीला लागला. अरबी समुद्राच्या अंगाने येणारा ‘मोन्सून’ गट त्याच वर्षी शरद ऋतूत पोचला, म्हणजे एहरेनफेल्स बुडाल्यावर सहा महिन्यांनी. प्रक्षेपक असेलही, त्यावरून बातम्या जातही असतील. पण चार जहाजे बुडाली म्हणून पाणबुड्या आंधळ्या झाल्या, हे गणित तारखांशी जुळत नाही. अठरा जणांचे धाडस त्यामुळे कमी होत नाही. ते खरे ठरायला महासागराचा निकाल त्यांच्या नावावर लिहिण्याची गरजच नव्हती.

आणि गोवा कुठे आहे? मांडवी, किल्ले, माड, रोषणाई, नाच हे सगळे आहे. गोव्याचा माणूस नाही. तो असता तर गोष्ट किती वेगळी झाली असती! गव्हर्नर जनरल जोझे काब्राल यांच्या राजवटीत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. सभेवर बंदी होती. बंदरात चार जहाजे जळाली, ती सगळ्या मुरगाव-वास्कोने पाहिली, आणि त्याबद्दल मोकळेपणी लिहायची सोय नव्हती. ज्या गावातल्या घराघरांतून तारवटी, म्हणजे खलाशी, ब्रिटिश जहाजांवर नोकरीला गेले होते आणि पाणबुड्यांच्या वाटेवरून रोज जात होते, त्या गावाच्या डोळ्यांसमोर शत्रूची जहाजे साडेतीन वर्षे उभी होती. थरारकथा लिहिणाऱ्याला याहून चांगला पेच कुठे मिळणार? याच बंदरात ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिकेहून आलेले ग्रिप्सहोम आणि जपानी तेइया मारू ही जहाजे भेटली आणि दोन्हीकडच्या सुमारे दीड-दीड हजार नजरबंद नागरिकांची अदलाबदल झाली. शत्रूंची देवाणघेवाण शांतपणे पार पडावी इतके हे बंदर तटस्थ होते, आणि सातच महिन्यांपूर्वी त्याची तटस्थता अठरा माणसांनी रात्रीत मोडली होती.

भारतही चित्रपटात क्लबापुरता आहे. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे एकवीस दिवसांचे उपोषण संपले ३ मार्च १९४३ ला, हल्ल्याच्या सहा दिवस आधी. साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहत होते. ज्या कलकत्त्याहून फीबी निघाला त्याच्या रस्त्यांवर त्याच वर्षी दुष्काळाने माणसे मरून पडली. यातले सगळे एका साहसपटाने दाखवावे, अशी मागणी करणे चूक. पण लाइट हॉर्सच्या गोऱ्या माणसांना आपली जुनी शान परत मिळवावी असे का वाटत होते, हे कळायला तरी पायाखालची जमीन सरकताना दिसायला हवी होती. १९४७ मध्ये पलटण मोडीत निघाली. मुरगावच्या बंदरात तोफा पुन्हा वाजल्या त्या १८ डिसेंबर १९६१ ला, जेव्हा आफोंसो द अल्बुकर्क या पोर्तुगीज युद्धनौकेशी भारतीय नौदलाची गाठ पडली. त्यावर कुणी पेक-निव्हन उभे केले नाहीत.

मुंबईच्या वाट्याचे युद्ध तर पडद्यावर जवळजवळ आलेलेच नाही. २० नोव्हेंबर १९४२ ला ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज ९५८ माणसे घेऊन मुंबईहून आफ्रिकेला निघाले. तीन दिवसांनी जपानी पाणबुडीने ते बुडवले आणि २८० जण गेले. वाचलेल्यांना घेऊन ब्रिटिश क्रूझर मुंबईला परतली तेव्हा धक्क्यावर नातेवाइकांची काय अवस्था झाली असेल! त्यानंतर १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर दारूगोळ्याबरोबर कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा होत्या. दुपारी धूर दिसला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. अग्निशमन दलाचे ६६ जण कामावर मेले. आजही देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. मुरगावसारखेच इथेही सरकारने ओठ मिटले. जगाला बातमी दिली ती दुसऱ्या दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या रेडिओ सायगॉनने. भारतातल्या वर्तमानपत्रांना छापायची मुभा मिळाली मे महिन्यात.

या आगीचा एक धागा विक्रोळीला पोचतो. गोदी परिसराच्या ढिगाऱ्यांतून निघालेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांतला ऐवज शाबूत होता, आणि ती ख्याती कंपनीला पुढे अनेक वर्षे पुरली. कारखाना तेव्हा लालबागला होता. पण स्फोटाच्या आदल्याच वर्षी, म्हणजे मुरगावच्या हल्ल्याच्याच वर्षी, पिरोजशा गोदरेज यांनी विक्रोळीची विस्तीर्ण जमीन उच्च न्यायालयाच्या लिलावात विकत घेतली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात फ्रामजी कावसजी बानाजींकडे आलेले ते माळरान आणि खाडीकाठची तिवरे. युद्ध संपल्यावर लालबागचे काम हळूहळू इकडे सरकले, कामगारांच्या वसाहती झाल्या, आणि पुढे शेजारी टागोरनगर-कन्नमवारनगर उभे राहिले. कंपनीचा जुना कागदपत्रांचा ठेवा, गोदरेज अर्काइव्ह्ज, आज विक्रोळीतच आहे.

नॅव्हारनच्या तोफा ऱ्होड्स बेटावर चित्रित झाल्या. तिथल्या एका खाडीला आजही अँथनी क्विनचे नाव आहे आणि पर्यटक ती पाहायला जातात. कल्पित लढाईने खऱ्या बेटाला एवढे दिले. ते शक्य झाले कारण आधी मॅक्लीनची कादंबरी होती. तिने माणसे दिली, पेच दिला, आणि मग पटकथाकाराला ती वाकवायला, मोडायला, नव्याने रचायला काही मिळाले. गोव्याच्या वाट्याला लीझर आला, तोही परक्याच्या नजरेने का होईना. मुंबईच्या गोदीतल्या त्या दुपारवर जॉन एनिस या इंग्रज लेखकाने १९५९ साली पुस्तक लिहिले, पण तेही कादंबरी नव्हे. ‘तिलावा’चे तीन दिवस, भायखळ्याहून निघालेले बंब, सेन्सॉरच्या टेबलावर अडकलेला मजकूर, राखेतून ओढून काढलेली तिजोरी आणि तिच्यासमोर किल्ली घेऊन उभा असलेला पेढीवाला, हे सगळे मराठी थरारकथेच्या लेखकाची वाट पाहत आहे. त्याने आधी कादंबरी लिहावी. चित्रपटवाले मग कुठली बाई घालायची आणि कुठला पुरुष गाळायचा यावर खुशाल भांडोत.